मुख्य दरवाजातून बाहेर या!

२१ जून २०१९ रोजी सातारा पोलिसांचं एक पथक गोरेगावच्या चित्रनगरीत पोचलं. त्यांनी आरे पोलिसांना बरोबर घेतलं आणि ‘बिग बॉस मराठी’च्या दुसऱ्या पर्वातले एक सदस्य, साताऱ्याचे अभिजीत बिचुकले, यांना सेटवरून अटक करून नेलं. चेक न वटल्याचं जुनं प्रकरण आणि त्यात कोर्टानं काढलेलं वॉरंट, एवढाच मामला. हेच साताऱ्यातल्या एखाद्या हार्डवेअरवाल्याच्या बाबतीत घडलं असतं, तर स्थानिक पुरवणीत, विहिरीत पडलेल्या गव्याला वाचवल्याच्या बातमीखाली चार ओळी आल्या असत्या. त्याही गवा लहान असता तर.

त्या संध्याकाळी मात्र उभ्या महाराष्ट्रानं एका सुरात निकाल दिला : “टीआरपीसाठी केलंय सगळं.”

मी हे वाक्य लिफ्टमध्ये ऐकलं, भाजीवाल्यापाशी ऐकलं, आणि केस कापता कापता हात थांबवून बातमी बघणाऱ्या सलूनवाल्याकडूनही ऐकलं. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका तर इतके ठाम होते की त्यांच्याशी वाद घालायचं धाडस फक्त त्यांचा जावईच करू शकला.

“अहो पप्पा, पोलीस साताऱ्याहून आलेत.”

“मग? चॅनेलनं गाडी पाठवली असेल.”

“कोर्टाचं वॉरंट आहे त्यांच्याकडे.”

“छापायला काय लागतं? सेटवर सगळं मिळतं. त्या सिरियलींत रोज कोर्टाचे निकाल लागतात ते काय हायकोर्टातून आणतात?”

जावई गप्प बसला. बसणारच. गंमत अशी, की याच काकांना आदल्या आठवड्यात चहाच्या साखरेवरून झालेलं भांडण शंभर टक्के खरं वाटलं होतं. घरातल्या दोघांचं जमलंय हेही त्यांना खरं वाटायचं. त्याच पर्वात शिव ठाकरे आणि वीणा जगताप यांच्या लग्नाचा मुहूर्त दिवाळीआधीचा की नंतरचा, यावर काकांच्या घरी दोन तट पडले होते. कॅमेऱ्यासमोर ढाळलेला प्रत्येक अश्रू त्यांनी खरा मानला. सगळ्या पर्वात कुणी आधी लिहून न ठेवलेला, ज्याची तालीम झाली नाही आणि ज्याला रीटेक नाही, असा एकच प्रसंग घडला. नेमका त्यावर त्यांचा विश्वास बसेना. वास्तवाची सवय नसलेल्या ‘रिअॅलिटी शो’त एकदाचं वास्तव शिरलं, तर प्रेक्षक म्हणाले, अभिनय कच्चा वाटतोय.

यात प्रेक्षकांचा सगळाच दोष नाही म्हणा. त्या घराची आणि तुरुंगाची रचना एकमेकांवर इतकी बेतलेली आहे की सदस्याला एकातून दुसऱ्यात नेताना बघणाऱ्याला फरक कळू नये. आत मोबाइल नाही, पेपर नाही, घड्याळ नाही. दार बाहेरून बंद. शिधा मोजून मिळतो. कुठल्या पलंगावर कुणी झोपायचं ते दुसरं कुणी ठरवतं. दिवसा डोळा लागला तर स्पीकरवरून कोंबडा आरवतो. भिंतीतून एक आवाज येतो आणि म्हणतो, “बिग बॉस सर्व सदस्यांना आदेश देत आहेत…”, आणि मोठी मोठी माणसं, ज्यांनी घरी बायकोचं कधी ऐकलं नाही, ती निमूटपणे सोफ्यावर येऊन बसतात. त्या घरात शिवाय एक वेगळी कोठडीही असते. मराठी पर्वांत तिला अडगळीची खोली म्हणायचे. तिथे कुणाला घालायचं हे बाकीचे सदस्य बहुमतानं ठरवतात. वकील मिळत नाही, अपील नाही, आणि गुन्हा बहुधा ‘ॲटिट्यूड’ हा असतो.

उलट खऱ्या कोठडीत बघा. अटक केल्यापासून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. राज्यघटनेनं तशी हमी दिलेली आहे. बिग बॉसच्या घरात तेव्हा न्यायासाठी शनिवारपर्यंत थांबावं लागायचं, तेव्हा कुठे महेश मांजरेकर यायचे. तुरुंगात वकील भेटतो, वर्तमानपत्र मिळतं, ठरलेल्या दिवशी घरच्यांशी मुलाखत होते. तिकडे घरचं माणूस दिसायला पर्व संपत यावं लागतं, आणि ते आलं तरी “सदस्यांनी फ्रीज व्हावं” असा हुकूम असतो. आई समोर उभी आणि मुलगा पुतळा. असला छळ जेल मॅन्युअलमध्येसुद्धा नाही.

कुणाच्या तरी हे साम्य लक्षात आलंच. २०२२ मध्ये ‘लॉक अप’ नावाचा शो निघाला. त्यात कंगना रनौत जेलची मालकीण आणि स्पर्धक कैदी. जिंकला कोण, तर मुनव्वर फारुकी, ज्यानं २०२१च्या जानेवारीत इंदूरमध्ये अटक झाल्यावर महिनाभराहून जास्त काळ खराखुरा तुरुंग भोगला होता आणि ज्याला शेवटी सुप्रीम कोर्टाकडून जामीन मिळाला होता. याला म्हणतात अनुभवी उमेदवार. ये-जा तशी दोन्ही बाजूंनी जुनीच आहे. हिंदी ‘बिग बॉस’च्या चौथ्या पर्वात, २०१० साली, एकेकाळच्या डाकू सीमा परिहार आणि ‘सुपरचोर’ म्हणून गाजलेला बंटी हे एकाच छपराखाली होते. बंटी पुढे २०१३ मध्ये केरळमधल्या एका घरफोडीच्या प्रकरणात पुण्यात सापडला. पुणेकरांना यात विशेष काही वाटलं नाही. चोर देशभर फिरला, पकडला पुण्यात, एवढ्याच भागाची नोंद घेतली गेली.

परत साताऱ्याकडे येतो. दुसऱ्या दिवशी बिचुकल्यांना चेकच्या प्रकरणात जामीन मिळाला, पण खंडणीच्या आरोपाचं आणखी एक जुनं प्रकरण पुढे आलं आणि मुक्काम वाढला. दरम्यान महाराष्ट्रात वकिलांचं अमाप पीक आलं होतं. परवापर्यंत ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स’ हा एखादा वाद्यांचा प्रकार असावा असं समजणारी माणसं कलम १३८ वर बोलू लागली. चेक परत आला की तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून पंधरा दिवसांत पैसे, नाही दिले तर महिन्याभरात तक्रार; दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा चेकच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही. हे सगळं आमच्या दूधवाल्यानं मला जिन्यात सांगितलं आणि ते बरोबर होतं. “पण साहेब, गुन्हा जामीनपात्र आहे,” तो म्हणाला, “मानूस तारखांना गेला नाय म्हनून वॉरंट निघालं आसंल.” मग बिल हातात ठेवत थोडा थांबून म्हणाला, “तुम्ही कॅशच द्या.”

कट्ट्यावर याच विषयावर चर्चा रंगली असताना एका सहृदय गृहस्थांनी विचारलं, “कधी ना कधी कुणाचा चेक परत गेला नाही, सांगा बरं?” यावर चार जणांनी एकदम बुटांच्या नाड्या तपासल्या आणि पाचव्यानं पावसाचा विषय काढला.

दुसरा एक वर्ग फार महत्त्वाचा आहे. “मी असले कार्यक्रम बघत नाही” हा वर्ग. यांच्याखेरीज कुठल्याही अटकेची चर्चा पूर्ण होत नाही. हे बोलायला सुरुवात करतात ती “कोण हे? कसला शो?” इथून, आणि दहाव्या मिनिटाला, त्या आठवड्यात कॅप्टन कोण होतं, नॉमिनेशनमध्ये कोण होतं आणि अटक झालेल्यानं मंगळवारी कुणाला काय टोमणा मारला, याची जंत्री देतात. एकदा मी विचारलं, की आपण बघत नाही ना? तर म्हणाले, “बायको बघते. मी पेपर वाचत असतो.” एकच पान दीड तास वाचणारा हा वाचक वर्तमानपत्रांनी जपायला हवा.

साताऱ्याच्या लोकांचे त्या आठवड्यात हालच झाले. पुण्या-मुंबईत साताऱ्याचा माणूस दिसला की पहिला प्रश्न, “तुमच्याकडचेच ना ते?” आमच्या ओळखीचे एक जण, आयुष्यभर छाती पुढे काढून “आम्ही सातारकर!” म्हणणारे, ते एकदम “तसे आम्ही मूळचे कऱ्हाडकडचे” यावर आले. कऱ्हाड सातारा जिल्ह्यातच आहे हे कुणी दाखवून दिल्यावर ते आणखी दक्षिणेला सरकले. उलट दुसऱ्या एकाचा भाव वधारला. त्याच्या मावसभावाच्या हळदीत बिचुकले पाच मिनिटं येऊन गेले होते. या पाच मिनिटांत त्यानं काय काय ताडलं होतं ते ऐकून पोलिसांनी त्याचाच जबाब कसा घेतला नाही याचं आश्चर्य वाटलं. “मी तेव्हाच म्हटलं होतं” हे तो दर दोन वाक्यांनी म्हणायचा. तेव्हा कुणाला म्हटलं होतं, हे मात्र त्याच्या मावसभावालाही आठवेना.

पण खऱ्या रसिकांना पडलेले प्रश्न वेगळेच होते. कोठडीत असलेल्या सदस्याला नॉमिनेट करता येतं का? आलेली मतं पुढच्या आठवड्यात धरतात का? आत घालवलेले दिवस शंभरात मोजायचे की वजा करायचे? मानधन चालू राहतं का, आणि राहत असेल तर ते चेकनं देतात का? एका वहिनींनी तर मूलभूत मुद्दा काढला : तो आत असताना घरात त्याच्या वाटणीची भांडी कोण घासणार? याचं उत्तर ना घटनेत आहे, ना बिग बॉसच्या नियमावलीत.

या साऱ्या गदारोळात एका माणसाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, तो म्हणजे ज्याच्या हातात तो चेक होता तो. दर वेळी असंच होतं. डिसेंबर २०१३ मध्ये लोणावळ्यातल्या ‘बिग बॉस’च्या घरातून अरमान कोहलीला अटक झाली ती सोफिया हयात या सहस्पर्धक बाईच्या मारहाणीच्या तक्रारीवरून. तो जामिनावर सुटला आणि पुन्हा त्याच घरात गेला. लोक बोलले ते तो परत येणार का, आल्यावर घरातली सहस्पर्धक तनिषा काय म्हणेल, याबद्दल. तक्रारदार बाई घरातून आधीच बाहेर पडलेली होती, आणि बाहेर पडलेल्याला प्रेक्षक मत देत नाहीत. फिर्यादी हा या खेळात नॉमिनेशनलाही पात्र नसतो.

अटकेची बातमी फुटली की आणखी एक धांदल उडते, आणि ती प्रेक्षकांच्या घरात नसते. ती उडते त्याच्याबरोबर फोटो काढलेल्यांच्या घरात. ‘बिग बॉस ओटीटी’ जिंकलेला एल्विश यादव २०२३च्या गणेशोत्सवात मुंबईत मुख्यमंत्र्यांच्या ‘वर्षा’ बंगल्यावर आरतीला येऊन गेला. नोव्हेंबरमध्ये नोएडात त्याच्यावर पार्ट्यांमध्ये सापाचं विष पुरवल्याच्या आरोपाचा गुन्हा दाखल झाला, आणि विरोधकांनी तो आरतीचा फोटो बाहेर काढला. गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यानं पुढं काय करावं याची जबाबदारी यजमानावर असते की नाही, यावर मग महाराष्ट्रात दोन दिवस खडाजंगी झाली. मार्च २०२४ मध्ये त्याला अटक झाली, पाच दिवसांत जामीनही मिळाला. तेवढ्या काळात आमच्या भागातल्या एका मंडळाच्या अध्यक्षांनी चौकातल्या आपल्या फ्लेक्सकडे नव्या नजरेनं पाहिलं. फ्लेक्सवर एकूण सतरा चेहरे. त्यांतल्या पाचांना ते ओळखतही नव्हते. “उद्या यातला कुणी उचलला गेला तर?” असं म्हणून त्यांनी फ्लेक्स उतरवायचं ठरवलं. पण वर मध्यभागी त्यांचाच फोटो होता म्हणून राहिलं.

कर्नाटकातली कथा मात्र या सगळ्यांवर कडी करते. ऑक्टोबर २०२३. कन्नड ‘बिग बॉस’चं दहावं पर्व. वर्तूर संतोष हा स्पर्धक गळ्यात सोन्याची जाड साखळी आणि तिला लटकवलेलं वाघनख घालून घरात वावरत होता. चोवीस तास कॅमेरे. लाखो लोकांनी त्याची भांडणं पाहिली, कुणीतरी लॉकेट पाहिलं आणि वनखात्याकडे तक्रार केली. वाघाचा कुठलाही अवयव बाळगणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा वनाधिकारी थेट बिग बॉसच्या घरी आले आणि त्याला घेऊन गेले. इतक्या वर्षांत त्या घरात येणारा कुणीही पाहुणा कामाचं काही घेऊन गेला असेल तर तो हाच.

मग कर्नाटकातल्या जनतेला कामच मिळालं. लोक टीव्ही सोडून नटांचे, नेत्यांचे, बाबाबुवांचे जुने फोटो मोठे करकरून त्यांचे गळे तपासू लागले. नट दर्शन, नट-खासदार जग्गेश आणि नट-नेते निखिल कुमारस्वामी यांच्या घरी वनखात्याची माणसं जाऊन पोचली. आपलं लॉकेट नकली आहे, असं निखिल यांनी सांगितलं. विचार करा : दागिना खोटा आहे हे चारचौघांत, कॅमेऱ्यापुढे, अभिमानानं सांगायची वेळ श्रीमंतावर आली. सराफाच्या इतिहासात असं प्रथमच घडलं असावं. संतोष जामिनावर सुटून परत घरात गेला आणि आधी होता त्याहून लोकप्रिय झाला.

सीमेच्या अलीकडे काय झालं ते छापून आलं नाही, पण मला ठाऊक आहे. आपल्याकडेही जुन्या घरांत बाळाच्या गळ्यात सोन्यात मढवलेलं वाघनख घालायची रीत होती. बातमी आली त्या रात्री कितीतरी घरांत आजीचा पितळी डबा कपाटाच्या वरच्या फळीवरून खाली उतरला. आमच्याकडेही उतरला. “खरं आहे का गं हे?” या प्रश्नावर एरवी आजीनं सुनेला झापलं असतं, त्या रात्री ती म्हणाली, “छे, शिंगाचं असेल. तुझ्या सासऱ्यांना सोनारानं फसवलंय.” सासरे वारलेले, सोनार वारलेला, बहुधा वाघही वारलेला. तिघांच्या वतीनं आजीनं तत्काळ निवेदन देऊन टाकलं.

जिंकल्याबद्दल अटक व्हायचीही सोय आहे. डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादेत तेलुगू ‘बिग बॉस’चं सातवं पर्व पल्लवी प्रशांत या शेतकरी तरुणानं जिंकलं. अन्नपूर्णा स्टुडिओबाहेर जमलेल्या चाहत्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी राज्य परिवहनच्या बस फोडल्या. हरलेल्या अमरदीपची मोटारही सुटली नाही. आपला माणूस हरला म्हणून बस फोडणं आपल्याला समजू शकतं, त्याला परंपरा आहे. जिंकला म्हणून बस फोडायची, हे जरा पुढचं पाऊल. गर्दीमुळे मिरवणूक न काढता निघून जा, असं पोलिसांनी बजावलं असताना तो परत आला, असं पोलिसांचं म्हणणं. तीनच दिवसांत विजेत्याला गावाहून उचलून चंचलगुडा तुरुंगात नेलं. दोन दिवसांनी जामीन. पुढच्याच महिन्यात मुनव्वर हिंदी ‘बिग बॉस’ जिंकून डोंगरीत आला तेव्हा मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो गर्दीवर ड्रोन उडवणाऱ्या ऑपरेटरवर. बिचारा ड्रोनवाला. ना शो खेळला, ना ट्रॉफी मिळाली, थेट एफआयआर.

आता बिचुकल्यांचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो, कारण अजून विचारणारे भेटतात. ते काही आठवड्यांनी सुटले आणि त्याच बिग बॉसच्या घरात परत गेले. त्या दिवशी स्वागत असं झालं, की जणू माणूस अंदमानाहून आलाय. “आता खरी मजा!” असं म्हणणाऱ्यांत, आधी त्यांची अटक टीआरपीसाठी झाली म्हणणारे सर्वांत पुढे होते. पुढे ते हिंदी ‘बिग बॉस’च्या पंधराव्या पर्वातही झळकले. मधल्या काळात निवडणुका लढवणं चालूच होतं. २०१९ला वरळीत आदित्य ठाकऱ्यांविरुद्धही ते उभे होते. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात कसबा पेठेची पोटनिवडणूक लागली तेव्हा त्यांनी तिथेही अर्ज भरला.

कसब्यात त्यांना कोण ओळखत नव्हतं? चहाच्या टपरीवर ते उभे राहिले की सेल्फीला रांग लागायची. त्यांच्या जामिनाच्या तारखा तोंडपाठ असलेली माणसं त्या मतदारसंघात राहतात, हे मी शपथेवर सांगतो. २ मार्चला निकाल लागला. रवींद्र धंगेकर निवडून आले आणि बिचुकल्यांना ४७ मतं पडली.

शनिवार पेठेतल्या एका गृहस्थांनी २०१९ मध्ये, ‘त्यांच्यावर अन्याय झालाय’ म्हणत, स्वतःच्या, बायकोच्या आणि दोन्ही मुलांच्या फोनवरून रोज रात्री त्यांच्यासाठी मतं टाकली होती. त्यांना मी निकालाच्या संध्याकाळी गाठलं आणि विचारलं, “काय हो, दिलंत का यंदा मत?”

“कुठलं?” ते म्हणाले. “जिना उतरायचा, शाळेपर्यंत चालत जायचं, वर रांगेत उभं राहायचं. ॲपवरून ठेवलं असतं तर दिली असती की नव्व्याण्णव.”